घरच्या कुत्र्याला परसात पुरताना या चुका टाळा

आमचा टिप्या आषाढात गेला, तेरा वर्षांचा होऊन. संध्याकाळची वेळ, बाहेर पाऊस कोसळत होता आणि घरात सगळ्यांचं एकच चाललं होतं, "आजच्या आज उरकून घेऊ." दोन फुटांवर पहार कातळाला लागली, खड्ड्यात पाणी भरायला लागलं. तसंच आम्ही त्याला ठेवलं आणि वर माती लोटली. सकाळी परसात गेले तर माती उकरलेली आणि चादरीचं निळं टोक बाहेर आलेलं. दुसरा खड्डा खणताना जे कळलं ते इथे लिहिते आहे. त्या सकाळी मी जे पाहिलं ते तुम्हाला बघावं लागू नये.

पहिल्या तासातली घाई

आधी खात्री करून घ्या. म्हाताऱ्या किंवा खूप आजारी जनावराचा श्वास इतका मंद होतो की लगेच कळत नाही. डाव्या कोपरामागे छातीला हात लावून दोन-तीन मिनिटं थांबा. श्वास नाही, ठोका लागत नाही आणि बुबुळाला हलकेच बोट लावूनही पापणी हलत नसेल तर तो गेलेला आहे. शंका असेल तर डॉक्टरांना बोलवा. गेल्यानंतरही थोडा वेळ एखादी उचकी येते, पाय थरथरतो. त्याने घाबरून जाऊ नका. डोळे उघडेच राहतात, म्हणून कुणाची तरी वाट बघत होता असं मनाला लावून घेऊ नका. लघवी-शी सुटते, तोंडातून पाणी येतं, म्हणून खाली जुने पेपर आणि टॉवेल घाला.

दोन-तीन तासांत अंग ताठायला लागतं. त्याआधी पाय पोटाशी घेऊन, नेहमी झोपायचा तसा कुशीवर ठेवा. हे राहून गेलं की खड्डा बराच मोठा लागतो. ताठलेले पाय जोर लावून वाकवू नका. एक-दोन दिवसांत ते आपोआप सैल पडतात, पण आपल्या हवेत तेवढं थांबणं जमत नाही. मुलगा पुण्याहून रात्री पोचणार असेल तर गार लादीवर, पंख्याखाली ठेवा आणि बर्फाच्या बाटल्या पोटाला लावा, कारण आधी पोट फुगतं. एक रात्र अशी निभावते. मे महिन्यात त्याहून जास्त ओढू नका.

खड्डा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अंगावर निदान दोन फूट माती यायला हवी, म्हणजे मोठ्या कुत्र्याला खड्डा साडेतीन-चार फूट लागतो. मांजराला तीन फूट पुरे. कातळ लागला तर जागा बदला. खड्डा उथळ ठेवून वर ढीग केला तर भटकी कुत्री आणि कोल्हे एका रात्रीत उकरतात. अर्धी माती घातल्यावर मध्ये चिऱ्यांचा किंवा दगडांचा थर द्या, मग उरलेली माती. आमच्या दुसऱ्या खेपेला हेच केलं आणि पुन्हा कुणी उकरलं नाही.

विहिरीपासून शंभर फूट तरी लांब जा, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला नकोच. पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला, पाणी साचतं तिथेही नको. कोकणात पावसाळ्यात हे फारच सांभाळावं लागतं.

प्लास्टिकची पिशवी किंवा ताडपत्री गुंडाळू नका, आत नुसतं सडत राहतं. जुनी सुती चादर पुरेशी आहे. पट्टा आणि घुंगरू काढून ठेवा. खडेमीठ घालायची आपल्याकडे रीत आहे, पण मिठाने कुजणं मंदावतं आणि वर लावलेलं झाड जळतं. चुन्याचंही तेच, वास दबतो पण माती आपलं काम करत नाही. त्याच्यावर झाड लावायचं असेल तर चार-सहा महिने थांबा आणि थोडं बाजूला लावा.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सोडवलं असेल तर

त्या औषधाचा अंश शरीरात बराच काळ राहतो. ते खाल्लेलं कुत्रं, कावळा, घार मरू शकते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, हे आठवून बघा. अशा वेळी खड्ड्याची खोली एक इंचही कमी करू नका.

आजाराने गेला असेल तर

पिसाळल्याची शंका असेल, म्हणजे वागणं अचानक बदललं, लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं, तर उघड्या हातांनी शिवू नका आणि परस्पर पुरूनही टाकू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. खात्रीची तपासणी मेंदूची असते आणि ती मेल्यानंतरच होते. चावलेल्याने, लाळ जखमेला लागलेल्याने पंधरा मिनिटं साबणाने धुवावं आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. पावसाळ्यात कावीळ होऊन गेलेल्या कुत्र्याला लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, लघवीतून माणसालाही होणारा आजार, असू शकतो. त्याच्या लघवीपासून हात-पाय जपा, हातमोजे घाला.

शहरात

सोसायटीची बाग आपली नसते. रात्री गुपचूप पुरलं आणि चार दिवसांनी वास सुटला की शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं येतं. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात विचारा. मुंबईत मालाडला छोट्या प्राण्यांसाठी महापालिकेची दहनाची सोय २०२३ पासून आहे. कुत्र्याचा परवाना काढला असेल तर तोही रद्द करून घ्या.

घरातली माणसं

मुलांना "तो गावाला गेला" सांगू नका. ती वाट बघत बसतात. "झोपला" म्हटलं तर स्वतः झोपायला घाबरतात. "तो मेला, आता परत येणार नाही" हे जवळ घेऊन सांगा आणि माती घालायला बरोबर घ्या. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला एकदा हुंगू द्या. आमच्या राणीने हुंगलं, बाजूला बसली आणि मग दाराशी शोधायला गेली नाही.

"कुत्र्यासाठी एवढं काय?" म्हणणारे भेटतीलच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. छत्रपतींना ज्याची लाज वाटली नाही त्याची आपल्याला कशाला वाटावी? रडा.

आणि "आधी नेलं असतं तर" हे रात्री-अपरात्री उगाळू नका. टिप्याची किडनी गेली होती. किडनीने बाहेर टाकायचं असतं ते रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं तेव्हा साधारण पाऊण किडनी आधीच निकामी झालेली असते. तोवर तो अंगणात उड्या मारत होता, भाकरी मागत होता. मला दिसणार तरी कुठून?

नवं पिल्लू लगेच आणू नका. आणलं तर त्याला टिप्या म्हणू नका.

माती भरताना जमिनीच्या वर हातभर उंच ठेवा, ती बसतेच. आमची जागा श्रावण संपायच्या आत वीतभर खचली. मी दोन घमेली माती आणून घातली, तेव्हा राणी शेजारी बसून होती.