अंगात मुरलेलं थिनर उतरतं कसं, आणि त्याला वाट कशी करून द्यायची

1 जून ते 31 जुलै गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर काढायच्या, फायबर मारायचं (काचतंतूचं कापड रेझिन या चिकट रसायनाने बसवायचं), रंग द्यायचा, सगळं याच दिवसांत. बाहेर पाऊस म्हणून ताडपत्री खालपर्यंत ओढलेली असते आणि आत रेझिन-थिनरची वाफ कोंडते. असे आठ-दहा तास काढले की साबण लावून आंघोळ केली तरी रात्री श्वासाला थिनरचा वास येतो. हा वास कातडीचा नव्हे. रक्तातली वाफ फुप्फुसांवाटे बाहेर पडत असते.

थिनरमधलं टोल्युईन हे द्रावक घ्या. श्वासातून आत गेलेल्यापैकी साधारण निम्मं रक्तात उतरतं. घासकाम, ओढकाम करताना श्वास वाढतो, तेव्हा बसून काम करणाऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट आत जातं. त्यातलं सुमारे 80 टक्के यकृत मोडतं, त्याचं हिप्युरिक आम्ल होऊन लघवीवाटे जातं. उरलेलं बरंचसं तसंच्या तसं श्वासावाटे निघतं. घामातून जाणारा वाटा नगण्य, त्यामुळे घाम काढून उपयोग नाही. गूळ-दुधानेही काही उतरत नाही.

रक्तातलं प्रमाण काम थांबल्यावर तासाभरात झपाट्याने खाली येतं, डोकं हलकं वाटतं, आणि माणूस समजतो की संपलं. पण टोल्युईन चरबीत मुरतं. तिथला साठा निम्मा व्हायला अर्ध्या दिवसापासून अडीच-पावणेतीन दिवस लागतात. अंगाने जाड माणसाला जास्त. निम्मा व्हायला 24 तास धरून हिशोब करा: शनिवारी संध्याकाळी सहाला काम सुटलं, सोमवारी सकाळी आठला परत हजर. मधले 38 तास. तरीही साठ्याचा तिसरा हिस्सा अंगात शिल्लक, आणि त्यावर नवा आठवडा चढतो. रविवारी ओव्हरटाइम घेतला तर उतरायला वेळच मिळत नाही.

संध्याकाळची फेणी इथेच आड येते. दारू आणि टोल्युईन मोडायला यकृतात बरीचशी तीच यंत्रणा लागते. दारू पोटात गेली की थिनर रांगेत मागे पडतं आणि रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. काम सुटल्याबरोबर ग्लास उचलू नका. कामाच्या दिवसांत घेतलीच नाही तर उत्तम.

काम सुटल्यावर कपडे तिथेच बदला, वेगळ्या पिशवीत बांधा, गाडीत किंवा झोपायच्या खोलीत टांगू नका. हाताचा रंग थिनरने पुसू नका, कातडीतूनही ते आत जातं. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपा.

आत कमी गेलं तर उतरवायलाही कमी. ही वाफ हवेपेक्षा जड, होडीच्या तळाशी साचते. म्हणून हवा ओढणाऱ्या पंख्याची नळी तळापर्यंत सोडा, ताजी हवा वरून येऊ द्या. पंखा स्फोटरोधक असावा, साध्या मोटरच्या ठिणगीने वाफ पेट घेते. कापडी मास्क आणि एन-95 वाफ अडवत नाहीत. मास्कला सेंद्रिय (थिनरसारख्या रसायनांच्या) वाफेसाठीचं कोळशाचं काडतूस लागतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते लवकर भरतं. वास येईपर्यंत थांबू नका, कंपनीच्या वेळापत्रकाहून लवकर बदला आणि काम नसताना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघडं टांगलं तर ते काम नसतानाही वाफ पीत बसतं.

अंगात किती गेलं याची लघवीची तपासणी करायची तर नमुन्याची वेळ चुकवू नका. फायबरच्या रेझिनमधल्या स्टायरीनसाठी मँडेलिक आणि फेनिलग्लायॉक्सिलिक आम्ल, टोल्युईनसाठी ऑर्थो-क्रेसॉल, ही मोडून झालेली द्रव्यं लघवीत मोजतात. लघवी कामाची पाळी संपता संपता घ्यायची. सकाळची दिली तर आकडा फसवा येतो. हिप्युरिक आम्लावर विसंबू नका, कारण सोडियम बेंझोएट घातलेलं सरबत किंवा सॉस पोटात गेलं की तेही वाढतं. ढसाढसा पाणी पिऊन नमुना दिला तर तो पातळ होऊन बाद ठरतो, क्रिएटिनिन (लघवीतलं द्रव्य, त्यावरून ती किती पातळ ते कळतं) लिटरला 0.3 ते 3 ग्रॅममध्ये असावं लागतं.

बोटांना, तळपायांना मुंग्या, चालताना झोक जाणं, नावं विसरणं हे रविवारच्या विश्रांतीनंतरही राहिलं तर डॉक्टरांकडे जा आणि डब्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या. काही चिकट-सोल्युशनमध्ये एन-हेक्झेन नावाचं द्रावक असतं, त्याने नसा झिजतात आणि काम सोडल्यावरही काही आठवडे त्रास वाढत राहू शकतो. तळाशी उतरलेला माणूस गळून पडला तर मागोमाग आत उडी घेऊ नका. आत ताजी हवा सोडा, दोरीने ओढून मोकळ्यावर आणा, 108 लावा.