आगमनकाळात चिंता खाली ठेवायची कशी

नोव्हेंबर संपत आला की नाताळाआधीचा चार आठवड्यांचा आगमनकाळ लागतो, चर्चमध्ये वेदीवर जांभळं वस्त्र चढतं आणि घराघरात टेन्शन सुरू होतं, फराळ, कपडे, नाताळचा गोठा, स्टार, पुण्या-मुंबईचे पाहुणे, आणि निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाची बाग असेल तर आभाळ भरून आलं तरी पोटात गोळा, कारण ऑक्टोबर छाटणीच्या बागेला डिसेंबरातला अवकाळी पाऊस फार वाईट, लगेच डावणी (बुरशीचा रोग) येते. या काळज्या खऱ्या आहेत, त्यामुळे "चिंता करू नको गं" असं सांगून कोणाची जात नाही. पण हे चार आठवडे याच कामाला वापरता येतात असं मला अगदी मनापासून वाटतं.

सुरुवात आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी करा. पहिला रविवार कुठला ते काढणं सोपंय, नाशिकच्या शरणपूरचं चर्च ज्यांच्या नावाचं आहे त्या संत आंद्रियांचा सण 30 नोव्हेंबरला, त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो. एक साधी वही घ्या आणि डोक्यात जे फिरतंय ते सगळं उतरवा, मुलाची फी, आईचा गुडघा, द्राक्षाचा भाव, काहीही. मग ज्यात या आठवड्यात आपल्या हातून काही होण्यासारखं आहे तेवढ्यावर खूण करा. बाकीचं प्रार्थनेचं, आत्ता त्याला हात लावायचा नाही.

मग रोज संध्याकाळी आगमनचक्राची (हिरव्या पानांचं कडं, त्यात चार रविवारच्या चार मेणबत्त्या) मेणबत्ती लावली की पंधरा मिनिटं चिंतेची. दिवसभरात काही आठवलं तर "संध्याकाळी बघू" म्हणून वहीत टाकायचं. काळजीला अशी वेळ ठरवून द्यायला समुपदेशकही सांगतात. आणि हे चक्र मुळात वाट बघण्यासाठीच आहे, 1839 मध्ये हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या पाळकांनी अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण पोरं रोज विचारायची नाताळ कधी, तर रोज एक मेणबत्ती वाढवायची, म्हणजे पोरांना दिसायचं की दिवस पुढे सरकतोय.

त्या पंधरा मिनिटांत एकच काळजी घ्या, मोठ्याने नाव घेऊन देवाला सांगा, मनातल्या मनात नको, मनात ती परत गोल फिरते. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात 4:6 ला पौल म्हणतो आपली मागणी आभारप्रदर्शनासह देवाला कळवा, तर त्याच काळजीतलं आभार मानण्यासारखं एक काहीतरी शोधून तेही बोला (गुडघा दुखतोय पण आई घरात आहे ना). तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती आनंदाची, आणि तो आनंद पौलाच्या याच ओळींच्या जवळचा आहे, 4:4 पासून वाचा.

मला या काळात सगळ्यात जास्त आधार मरियेच्या नवऱ्याचा, योसेफाचा वाटतो. मत्तय 1:20 मध्ये देवदूत त्याला भिऊ नको म्हणतो, पण पुढे बेथलेहेमला जागा मिळणार नाही, इजिप्तला पळावं लागेल, यातलं त्याला काहीच सांगत नाही. फक्त पुढचं एक काम सांगतो आणि योसेफ उठून तेवढंच करतो. आपणही प्रार्थनेनंतर उद्याचं एकच काम लिहायचं, एक फोन, एक अर्ज, आणि वही बंद.

खरेदीचं म्हणाल तर मेन रोडला शेवटच्या आठवड्यात जाऊच नका, दुसऱ्या रविवारच्या आत उरका, करंज्या शेजारणीबरोबर मिळून करा, चार प्रकारांऐवजी दोन केले तरी कोणी काही म्हणत नाही.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा फुकट नंबर आहे तो लावा, आणि फादरांना किंवा पाळकांना सांगून रविवारच्या विनंत्यांत आपलं नाव द्या, त्यात लाजायचं काही नाही.