वर्गात फोन एकच, मुलं चाळीस

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत साधारण असंच असतं: शिक्षकांकडे एक अँड्रॉइड फोन, भिंतीवर लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आणि समोर तीस-चाळीस मुलं. एवढ्या सामानात सगळ्यात सोपं काम म्हणजे व्हिडिओ लावून देणं. सगळ्यात कमी फायद्याचं कामही तेच. व्हिडिओ संपला, "समजलं का?" विचारलं, की सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो, आणि न समजलेली मुलं त्या सुरात लपून जातात. त्यामुळे फोन आधी उत्तरं गोळा करायला वापरायचा आणि मग उरल्या वेळात दाखवायला. हा क्रम उलटा झाला की महिनाभरात टीव्हीवर धूळ बसते.

कार्डांवर उत्तरं

प्लिकर्स नावाचं ॲप यासाठी सगळ्यात कामाचं आहे, कारण त्यात मुलांच्या हातात फोन लागत नाही, कागदाचं कार्ड लागतं. प्रत्येक कार्डावर काळी चौकोनी नक्षी असते आणि ती प्रत्येकाची वेगळी. चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं अगदी बारीक छापलेली असतात. मुलाला बी म्हणायचं असेल तर बी वर येईल असं कार्ड फिरवून ते शिक्षकाकडे धरायचं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणत्या क्रमांकाने काय उत्तर दिलं ते पडद्यावर उमटतं. अक्षर इतकं बारीक असल्यामुळे शेजारच्याचं उत्तर वाचता येत नाही, आणि नक्षी प्रत्येकाची वेगळी असल्याने बघून नक्कल करण्यातही अर्थ नसतो.

तयारी एकदाच करावी लागते. वेबसाइटवर खातं उघडा, वर्ग तयार करा आणि यादी हजेरीच्या क्रमाने भरा. पूर्ण नावं भरायची गरज नाही. "०१", "०२" एवढं पुरतं, आणि मुलांची नावं बाहेरच्या सर्व्हरवर जातही नाहीत. कार्डाचा क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच आहे ना, हे एकदा डोळ्यांखालून घाला. मध्येच दाखल झालेल्या मुलाला शेवटचा क्रमांक द्या. सोडून गेलेल्याचं कार्ड रिकामं राहू दे. क्रम सरकवायला गेलात तर मागच्या सगळ्या नोंदींचा घोळ होतो.

कार्डांची पीडीएफ त्याच साइटवर मोफत मिळते. चाळीसचा नेहमीचा संच एका पानावर दोन कार्डं या हिशेबाने वीस पानांत बसतो. छापताना दोन गोष्टी सांभाळा. एक, काळा रंग खरंच काळा आला पाहिजे. टोनर संपत आलेल्या झेरॉक्समधून निघालेली राखाडी नक्षी कॅमेरा ओळखत नाही. दोन, चकचकीत लॅमिनेशन करू नका. टिकावं म्हणून सगळे ते करतात आणि मग खिडकीचा उजेड त्यावर चमकला की अर्धी कार्डं वाचलीच जात नाहीत. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिकांचे किंवा वह्यांचे पुठ्ठे कापून त्यावर कागद चिकटवा. खळ पातळ लावा. जाड लावली की वाळल्यावर कार्ड वाकतं, आणि वाकलेल्या कार्डाची नक्षी तिरकी दिसते.

पहिल्या दिवशी एक सोपा प्रश्न घेऊन नुसता सराव करा: "आज वार कोणता?" तेवढ्यात पुढच्या चुका हमखास दिसतात.

बोटं नक्षीवर येतात. कार्ड कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, दोन्ही हातांनी धरायला शिकवा.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. मूल अक्षर वर करतं आणि मग कार्ड शिक्षकाकडे वळवताना भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटावं तसं खालून वर उलटवतं. त्यामुळे वरचं अक्षर खाली जातं आणि विरुद्ध बाजूचं अक्षर नोंदलं जातं. मुलाला उत्तर येत असतं आणि ॲप चूक दाखवतं. पुस्तकाचं पान उलटतो तसं, उजवीकडून डावीकडे वळवायचं, हे हातात हात धरून एकदा दाखवा. कार्डाच्या मागच्या बाजूला मोठी अक्षरं लिहून देण्याचा मोह होतो, पण मागच्या बाकावरच्यांना ती दिसतात, म्हणजे नक्कल रोखण्याची सगळी सोयच गेली.

तिसरी गोष्ट शिक्षकाच्या उभं राहण्याची. मुलांच्या मागे खिडकी असेल तर कार्डं अंधारी दिसतात. तुमची पाठ उजेडाकडे आणि मुलांची तोंडं उजेडाकडे, असं उभे राहा. पुढच्या रांगेने कार्ड छातीशी धरायचं, मागच्यांनी डोक्याच्या उंचीवर, नाहीतर पुढच्या डोक्यांआड मागची कार्डं झाकली जातात. फोन भराभरा फिरवू नका. भिंतीला रंगाचा हात मारतो तसा एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश न्या. एखादं कार्ड राहिलंच तर ते कोणत्या क्रमांकाचं ते फोनवर दिसतं.

आता प्रश्नाबद्दल, कारण खरी मेहनत इथे आहे. चारही पर्याय नुसते वेगवेगळे असून भागत नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांची एक ठरावीक चूक असली पाहिजे. उदाहरणार्थ, अपूर्णांकांची बेरीज शिकवल्यावर विचारा: १/२ + १/३ = किती?

ए) २/५
बी) ५/६
सी) १/६
डी) २/६

उत्तर बी. पण ए देणाऱ्याने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले आहेत. त्याला अपूर्णांक म्हणजे काय हेच अजून कळलेलं नाही. सी देणाऱ्याने बेरजेऐवजी गुणाकार केला. डी देणारा सगळ्यात जवळ पोचलाय: छेद समान केला, अंश बदलायचा राहिला. म्हणजे एका प्रश्नात वर्गाचे चार गट पडतात आणि पुढच्या दहा मिनिटांत कोणाजवळ बसायचं ते कळतं. "१/२ + १/३ = ५/६, बरोबर की चूक?" असं विचारलं तर यातलं काहीच हाती लागत नाही.

कोणत्या पर्यायाला किती उत्तरं आली याचा स्तंभालेख ॲप काढून देतं. तो टीव्हीवर लगेच दाखवू नका. आधी फक्त फोनवर बघा. सुमारे तीन चतुर्थांश मुलांचं बरोबर असेल तर उरलेल्यांची नोंद घेऊन पुढे चला. तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतील तर पुन्हा शिकवा, चर्चेने काही होणार नाही. मधली स्थिती सगळ्यात चांगली: शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायला दोन मिनिटं द्या आणि तोच प्रश्न पुन्हा स्कॅन करा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी ही पद्धत नव्वदच्या दशकात रुळवली, आणि पाचवीच्या वर्गातही ती चालते. स्तंभालेख आधीच दाखवलात तर मुलं सगळ्यात उंच खांबाकडे झुकतात आणि चर्चा तिथेच संपते.

एका तासाला तीन प्रश्न पुरेत. दहा घेतले की शिकवणं बाजूला राहतं आणि नुसती परीक्षा होते. हे ॲप इंटरनेटवर चालतं, म्हणून वर्गाच्या कोणत्या कोपऱ्यात रेंज येते ते आधी बघून ठेवा. रेंज नसलेल्या दिवशी तेच चार पर्याय फळ्यावर लिहा आणि पाट्या वर करायला सांगा. नोंद राहत नाही, पण प्रश्न चांगला असेल तर निम्म्याहून जास्त काम होतं.

एका मुलाची वही सगळ्या वर्गाला

कोणाची आकडेमोड कुठे फसली हे फळ्यावर पुन्हा लिहून दाखवण्यापेक्षा वहीच टीव्हीवर आणा. स्टँड विकत घ्यायची गरज नाही. पुस्तकांच्या दोन थप्प्या, प्रत्येकी २५ ते ३० सेंटिमीटर उंच, मधे वही मावेल एवढी जागा. थप्प्यांवर लाकडी फळी किंवा दोन स्टीलच्या पट्ट्या आडव्या टाका आणि लेन्स कडेबाहेर येईल असा फोन त्यावर पालथा नाही, पडदा वर ठेवून ठेवा. प्लास्टिकची पट्टी फोनच्या वजनाने वाकते. या उंचीवरून ए-फोरचं अख्खं पान मुख्य कॅमेऱ्यात बसतं.

फोन आडवा पडला की चित्र कुठल्या बाजूने दाखवायचं यात त्याचा गोंधळ उडतो आणि वही टीव्हीवर आडवी दिसते. ऑटो-रोटेट बंद करा. तरी जमलं नाही तर फोनशी झटापट करण्यापेक्षा वहीच फिरवा. पडद्यावर वहीच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस तिथे पक्का होतो, नाहीतर मुलाचा हात आत-बाहेर झाला की चित्र दर वेळी धूसर होतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी उजेड डावीकडून घ्या. फोनचा टॉर्च लावू नका, पेनाची शाई चमकते.

टीव्हीला जोडताना बहुतेक अडचणी एकाच ठिकाणी येतात: फोन आणि टीव्ही कोणत्या पद्धतीने बोलतात ते बघितलेलं नसतं. मिराकास्ट (फोनचा पडदा बिनतारी थेट टीव्हीवर पाठवण्याची सोय) असेल तर इंटरनेट किंवा राउटर लागत नाही, दोन्ही यंत्रं थेट जोडली जातात. टीव्हीवर "स्क्रीन मिररिंग" उघडा आणि फोनवर "कास्ट", "वायरलेस डिस्प्ले" किंवा सॅमसंगमध्ये "स्मार्ट व्ह्यू". फक्त गूगल कास्ट असेल तर दोघांनाही एकाच वायफायवर आणावं लागतं. शाळेत वायफाय नसेल तर सहकाऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालतो. वायरने जोडायचं ठरवलंत तर टाइप-सी ते एचडीएमआय ॲडॉप्टर घेण्याआधी तुमच्या फोनच्या माहितीपत्रकात "डिस्प्लेपोर्ट" हा शब्द आहे का ते बघा. स्वस्त फोनमध्ये तो बहुधा नसतो, आणि मग ॲडॉप्टर नुसता खणात पडून राहतो.

जोडण्याआधी "डू नॉट डिस्टर्ब" चालू करा. शिक्षकांच्या गटावरचे संदेश चाळीस मुलांनी मोठ्याने वाचणं टाळायचं असेल तर हे विसरून चालत नाही.

अक्षरांच्या आकाराचा हिशेब सोपा आहे: दर ३ मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंची. शेवटचा बाक ६ मीटरवर असेल तर टीव्हीवर अक्षर ५ सेंटिमीटरचं हवं. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर असते. वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा सोडली की त्यावर सातच ओळी बसतात. म्हणून अख्खं पान दाखवू नका, एकच गणित मोठं करून दाखवा. पाठ्यपुस्तकाच्या पानाची पीडीएफ टीव्हीवर लावणं तर निरर्थकच आहे, तेच पान मुलांच्या हातात असतं.

एक मिनिट वाचन

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. ते तपासायला फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर पुरतो. मुलाने आधी न वाचलेला, ८० ते १०० शब्दांचा उतारा घ्या आणि स्वतःकडे त्याची एक प्रत ठेवा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच आलेल्या कॉलने रेकॉर्डिंग तुटतं. तो तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा एका बाजूला ठेवा. अगदी समोर धरला की प, फ, भ म्हणताना हवेचे फटके बसतात. टेबलावर थेट ठेवण्याऐवजी खाली वही किंवा रुमाल ठेवा. जागा व्हरांड्याची, पंख्याखालची नको.

मिनिट झालं की शेवटच्या शब्दाखाली रेघ मारा. ५२ शब्द वाचले आणि ५ चुकले तर नोंद ४७. त्यानंतर उताऱ्यावर दोन प्रश्न विचारा, कारण फोन समोर दिसला की मुलं शर्यत लावल्यासारखी वाचतात आणि अर्थ मागे राहतो. फाइलला नाव द्या "३अ_१७_जुलै" असं: इयत्ता, हजेरी क्रमांक, महिना. एका मिनिटाची फाइल साधारण एक एमबीच्या आत असते, म्हणजे अख्ख्या वर्गाच्या चाळीस एमबीतच. सप्टेंबरमध्ये तोच क्रम पुन्हा करा आणि मुलाला दोन्ही रेकॉर्डिंग हेडफोनवर एकट्याला ऐकवा. वर्गासमोर ऐकवू नका, आणि पालकांच्या गटावर तर मुळीच टाकू नका. पालक भेटायला येतील तेव्हा त्यांच्याच मुलाचं ऐकवा.

व्हिडिओ लावायचाच असेल तर

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. पाठ्यपुस्तकाला कोड जोडण्याच्या कामासाठी ओळखले जाणारे रणजितसिंह डिसले यांना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिक्षक असताना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. कोड दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमधून स्कॅन करा. शिवणीजवळ पान वाकल्यामुळे स्कॅन होत नसेल तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं-अंक टाइप करा. व्हिडिओ आदल्या रात्री घरच्या नेटवर डाउनलोड करून ठेवा आणि विमान मोडवर एकदा चालवून बघा. वर्गात उभं राहून गोल फिरणारं चक्र बघण्यात तासाची दहा मिनिटं जातात.

सहा मिनिटांचा व्हिडिओ सलग लावू नका. दोन ठिकाणी थांबण्याचे सेकंद वहीत लिहून ठेवा आणि तिथे "आता पुढे काय होईल?" विचारा, उत्तर कार्डांवर. ब्लूटूथ स्पीकर टीव्हीजवळ न ठेवता वर्गाच्या मधोमध ठेवा. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला तर आवाज बंद करून चित्रं तुम्हीच समजावून सांगा, कोणताही स्पीकर त्या माऱ्याला पुरा पडत नाही. वीज गेली तर फोनभोवती आठ मुलांचा एकेक गट बसवा, बाकीच्यांना लेखी काम द्या. आठाच्या वर गेलात की मागची मुलं फक्त पुढच्यांची डोकी बघतात.