मृगाच्या आधी अनुदानाचं खातं तपासून घ्या

रोहिण्या लागल्या की कुळवाच्या पाळ्या, बियाण्याची जुळवाजुळव, खताची चौकशी सुरू होते. याच दिवसांत एक दिवस कागदांसाठी काढा. वापसा आला की सोयाबीनची पेरणी सोडून तहसीलच्या रांगेत कुणी उभं राहत नाही, राहूही नये.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी सन्मान निधीचे ६,००० असोत की अतिवृष्टीची मदत, पैसे आधारवरून खात्यात येतात. कोणत्या खात्यात, हीच खरी मेख आहे. तुम्ही अर्जात जो खातेनंबर लिहिला तिथेच पैसे येतील असं समजू नका. आधार सर्वांत शेवटी ज्या बँकेशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी, जोडलं गेलं, तिथे ते जातात. माझ्या चुलत्यांनी मोबाइलच्या दुकानात अंगठा देऊन एक खातं उघडलं होतं आणि ते विसरूनही गेले. पुढे त्यांची मदत दोन वर्षं तिकडेच जमा होत राहिली. ते मात्र गावातल्या बँकेत पासबुक भरून घेत होते आणि तलाठ्याला बोल लावत होते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' पाहिलं की बँकेचं नाव दिसतं. ते चुकीचं असेल तर आपल्या बँकेत डीबीटीसाठी आधार जोडणीचा अर्ज द्या. केवायसीला, म्हणजे ओळख पडताळणीला, आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झाली, असं नसतं.

नंतर सातबारा आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे जुन्या सातबाऱ्यावर 'पि.' (पिता) आणि 'भ्र.' (भ्रतार, म्हणजे नवरा) लावून नावं आहेत, कुठे आडनावच नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायाबापड्यांचे पैसे इथेच अडकतात, याचं फार वाईट वाटतं. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आधारची चूक आधार केंद्रावरच नीट होईल.

सातबाऱ्यावरचे खातेदार वारले असतील तर वारस नोंदीचा फेरफार आत्ताच टाका. मयताच्या नावावर आलेली मदत काढताना घरात जे होतं ते मी जवळून पाहिलंय. जमिनीचं खातं सामायिक असेल तर मदत कुणाच्या खात्यात घ्यायची याचं संमतीपत्र भावाभावांनी शांतपणे आधीच करून ठेवावं.

फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, नसेल तर गावातल्या सीएससी (सामायिक सुविधा) केंद्रावर काढा. राज्याच्या महाडीबीटी या योजनांच्या संकेतस्थळावर ठिबकचा अर्ज करायलाही तो लागतो. अल्प व अत्यल्प भूधारकांना राज्याच्या पूरक अनुदानासह ठिबकला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के मिळतात. ऑगस्ट उजाडला की ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, स्वतः बांधावर जाऊन करा. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसेल तर हमीभाव केंद्रावरही अडचण येते.

अतिवृष्टीच्या यादीत नाव आलं की समोरचा विशिष्ट क्रमांक लिहून घ्या. केवायसी मागितली तर तो क्रमांक घेऊन आपले सरकार केंद्रावर अंगठा द्यावा लागतो. मदतीतून कर्जाची वसुली करू नये असं शासन आदेशातच लिहिलेलं असतं. बँकेने खात्याला होल्ड लावला, म्हणजे पैसे काढणं अडवलं, तर तोंडी वाद घालू नका; शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि प्रत तहसीलला द्या.

व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं. हप्त्याची शंका असेल तर १५५२६१ वर फोन करा. आणि कुठलाही अर्ज दिला की आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.