डिकियाचा अभ्यास करायचाय? फुलोऱ्याची वाट पाहा

डिकिया या अननसाच्या कुलातल्या काटेरी वनस्पतींच्या गटावर काम करायचंय म्हणणारे बहुतेक जण पानांचे फोटो पाठवतात. रुपेरी, काटेरी, ताऱ्यासारखी पसरलेली पानं. भुरळ मलाही त्यांनीच घातली होती. पण ओळख पटवायला ती फारशी उपयोगी नाहीत. शेजारी मेक्सिकोतली हेक्टिया ठेवली, तर फुलं येईपर्यंत जाणकारही अडखळतात. दोन्ही अननसाच्याच कुलातल्या, उपकुलं मात्र वेगळी. हेक्टियात नर आणि मादी झाडं सहसा स्वतंत्र असतात, डिकियाची फुलं द्विलिंगी. ब्राझीलमधल्या एन्कोलिरियम या जवळच्या नातलगाचा फुलोरा मधोमध उभा राहतो, डिकियाचा बाजूने, पानाच्या बगलेतून निघतो. म्हणून फुलून गेल्यावरही डिकियाचा तोच झुबका वाढत राहतो.

योझेफ झाल्म-डिक या मांसल वनस्पतींच्या जर्मन अभ्यासकाचं नाव १८३० मध्ये या प्रजातीला मिळालं. इतिहास एवढा पुरे.

खरी मजा शरीरक्रियेत आहे. कुलातल्या अनेक जातींप्रमाणे पानांच्या पेल्यात पाणी धरून ठेवणं डिकियाला जमत नाही. पाणी जाड पानांच्या आत साठतं आणि मुळं खरोखर काम करतात. पर्णरंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा वापरला जातो. पहाटे आणि संध्याकाळी पानांच्या रसाचं अनुमापन करून (म्हणजे त्यात आम्ल किती आहे ते मोजून) आम्लतेतला फरक पाहा. पहिला प्रकल्प म्हणून माझी पसंती यालाच; महागडं उपकरण लागत नाही. हातमोजे मात्र जाड हवेत, काटे आकड्यासारखे अडकतात.

कुंडीवरच्या नावावर विसंबू नका. डिकियांचा आपापसात सहज संकर होतो. मूळ ठिकाणाची नोंद नसलेलं रोप बागेला शोभा आणेल, वर्गीकरणाच्या प्रबंधाला नाही.

आणि हे सगळं कोरड्या खडकांपुरतंच आहे असं समजू नका. डिकिया डिस्टाकिया दक्षिण ब्राझीलमध्ये नदीतल्या, पुरात बुडणाऱ्या खडकांवर वाढते. बारा ग्रांदे धरणाच्या जलाशयाने तिचा मोठा अधिवास गिळला. संवर्धनाकडे वळायचं असेल तर अशा जातींपासून सुरुवात करा. त्यासाठी पोर्तुगीज वाचता यायला हवं, कारण ब्राझीलमधले कितीतरी प्रबंध त्याच भाषेत आहेत. निदान फुलोरा आणि फळांची वर्णनं शब्दकोश घेऊन वाचण्याइतपत तरी.