हाय-गेन ट्यूब अ‍ॅम्पमधील हम कसा शोधावा

ट्यूब अ‍ॅम्प घुमू लागला की हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तो गिटारकडे जायला हवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने हम, म्हणजे ही सततची घुमघुम, बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो, आणि जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर सुमारे ९८ हर्ट्झचा आहे. हम त्या स्वराशी जुळत असेल तर फिल्टर कपॅसिटरवर (डीसी पुरवठा सपाट करणाऱ्या भागावर) संशय घ्यावा. तो एक सप्तक खाली असेल तर हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटच्या) तारा, ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थिंग तपासावे. गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) जास्त असताना हमही विकृत होऊन कान फसवतो, म्हणून स्वर गेन कमी ठेवून ऐकावा.

यानंतर गिटारची केबल काढावी. आवाज थांबला तर दोष बाहेरचा आहे. गिटारचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा असेल आणि गिटार हातात घेऊन जागीच फिरल्यावर हम कमीजास्त होत असेल, तर अ‍ॅम्प उघडण्याचे कारणच नाही. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे उपकरण) लावून प्रश्न सुटला असे मानू नये. तो वाजवणे थांबल्यावरच हम झाकतो, वाजत असताना नाही.

केबल काढूनही हम राहिला तर अर्थिंग पाहावे. पंचवटीसारख्या जुन्या वस्तीतल्या वाड्यांत सॉकेट तीन पिनचे दिसले, तरी अर्थच्या छिद्रामागे तार असेलच असे नाही. शिवाय काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून श्रावणात शांत असलेला अ‍ॅम्प मे महिन्यात घुमू शकतो. खड्ड्यात पाणी घालून फरक पडतो का ते पाहावे आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी. अ‍ॅम्प आणि मिक्सर केबलने जोडल्यावरच हम येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन्ही उपकरणांच्या अर्थमधून तयार झालेले वेटोळे आहे. त्यावर सिग्नलच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणे हा उपाय आहे. प्लगची अर्थ पिन काढणे हा उपाय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

आता मास्टर व्हॉल्यूम शून्यावर आणावा. हम तसाच राहिला तर दोष पॉवर सेक्शनमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या भागात) किंवा पुरवठ्यात आहे, आणि हम गेला तर प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात. हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये ईसीसी८३ या प्रीअ‍ॅम्प ट्यूबच्या तीन-चार पायऱ्या एकामागून एक असतात आणि एकेक पायरी सिग्नल सुमारे पन्नास पटींनी वाढवू शकते. त्यामुळे पहिल्या ट्यूबमधली हमची लहानशी गळतीही शेवटी स्पीकर हलवते. अ‍ॅम्प बंद करून, ट्यूब निवल्यावर पहिली ट्यूब काढावी आणि पुन्हा चालू करून ऐकावे. हम थांबला तर त्या जागी चांगली ट्यूब बसवावी. नाही थांबला तर पुढची ट्यूब काढावी. काही अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्पचे हीटर सिरीजमध्ये असतात. तिथे एक ट्यूब काढताच बाकीच्याही विझतात आणि निष्कर्ष चुकतो. पुशपुल, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या पॉवर ट्यूबच्या जोडीचा प्रवाह असमान असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एरवी परस्परांना खोडणारा १०० हर्ट्झचा रिपल (पुरवठ्यातला चढउतार) उरतो, तेव्हा मॅच केलेली जोडी लावून बायस (ट्यूबचा स्थिर प्रवाह ठरवणारे व्होल्टेज) तपासावा. अ‍ॅम्प चालू असताना स्पीकर मात्र कधीही काढू नये.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तरच चॅसिस उघडावी. आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना लावून डिस्चार्ज करावा, मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आल्याचे पाहावे आणि एक हात खिशात ठेवावा. हे करण्याची सवय नसेल तर जाणकाराकडे अ‍ॅम्प द्यावा. फुगलेला किंवा द्रव झिरपलेला कपॅसिटर तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टेज रेटिंगचा घेऊन बदलावा; एकाच वेळी बसवलेले बाकीचेही मग बिघडण्यापासून फार दूर नसतात. हीटरच्या तारा घट्ट पीळ देऊन चॅसिसलगत, ग्रिडच्या (ट्यूबला सिग्नल देणाऱ्या) तारांपासून दूर न्याव्यात. हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधली जोडणी) नसेल तर दोन्ही टोकांपासून ग्राउंडकडे १०० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. त्यातला एक जळालेला असेल तर ट्यूब कितीही बदलल्या तरी हम जात नाही.