आतड्यातल्या जिवाणूंना पोसायचं कसं? सुरुवात ज्वारीपासून

पाऊस लागला की गावात घरोघरी सर्दी-ताप सुरू होतो. औषधाची सोय होतेच, पण रोज ताटात काय पडतं त्याचाही या लढाईत वाटा असू शकतो.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. धान्यातले, डाळीतले जे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते त्यांचं अन्न. त्यातून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ही आम्लं आतड्याचं अस्तर धड ठेवतात आणि रोगप्रतिकारक पेशींच्या कामावरही परिणाम करतात. 2018 च्या एका संशोधनात भरपूर तंतू खाल्लेले उंदीर फ्लूच्या विषाणूपासून जास्त वाचले. उंदरांचं सगळंच माणसाला लागू होत नाही, तेव्हा भाकर खाऊन फ्लू टळतो असं मात्र कुणी समजू नये.

आधी एका वेळची पोळी काढून ज्वारीची भाकर घ्या. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात. सोबत तुरीचं वरण, जवसाची चटणी. एकदम सगळं बदललं तर पोट फुगतं. आठवडाभर एकच वेळ, मग दुसरी. पाणी जास्त प्या.

मग आंबील. रात्री वाटीभर ताकात चार चमचे ज्वारीचं पीठ गुठळ्या मोडून कालवा, गाडग्यात झाकून ठेवा. सकाळी वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास आला म्हणजे जमलं. बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या. तीन वाट्या पाण्याला उकळी आली की हे मिश्रण ओता आणि दहा मिनिटं हात न थांबवता ढवळा. शिजताना ताकातले जिवाणू मरतात, म्हणून आंबील निवल्यावर त्यात वाटीभर ताजं ताक, जिरं, ठेचलेला लसूण, मीठ घाला. ही पायरी चुकवू नका.

महालक्ष्म्यांना आपण आंबील आणि सोळा भाज्या करतो, आणि मग वर्षभर आलू-वांग्यावर भागवतो, याचं मला फार वाईट वाटतं. वेगवेगळे तंतू मिळाले तर वेगवेगळे जिवाणू टिकतात. अंबाडी, चिवळ, तरोटा, शेवग्याचा पाला वावरात नाहीतर बांधावर मिळतो. आठवड्यात निदान चार प्रकार आणा. संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा.

साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. विषाणूवर ते चालत नाही, आतड्यातले जिवाणू मात्र मरतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फ्लूविरुद्धची प्रतिकारशक्ती आधीच कमी असलेल्यांना लसीपूर्वी अँटिबायोटिक दिल्यावर लसीचा प्रतिसाद कमी मिळाला. डॉक्टरांनी गरजेपोटी दिलंच तर डोस पूर्ण करा. त्या दिवसांतही ताक-भाकर चालू ठेवा. फक्त गोळी आणि ताक यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण काही गोळ्या दुधाच्या पदार्थांसोबत नीट शोषल्या जात नाहीत.